काळ्या डोक्याचे व्हॉल्व्ह

रेकॉर्ड प्लेयरच्या प्रीअॅम्प्लिफायरचे, बल्बसारखे काचेचे व्हॉल्व्ह कानाने निवडायचे, यात मेकॅनिकची हयात गेली होती. मशीन चालू ठेवून तो पेन्सिलीने एकेक व्हॉल्व्ह हलकेच ठोकायचा आणि जो स्पीकरमधून खणखणला, तो टोपलीत फेकायचा. साडूच्या मशीनसाठी त्याने चाळिसातून दोन मुके व्हॉल्व्ह काढले होते, तेही बायकोने डोकं खाल्लं म्हणून. आज साडूने तेच मशीन काउंटरवर आदळलं.

“नुसतं खरखरतंय. तुमचं काम असलंच!”

मेकॅनिकने झाकण उघडलं. आत भलतेच, नवेकोरे व्हॉल्व्ह होते.

“माझे कुठे गेले?”

“फेकले. वरून काळे पडले होते, जळालेच होते की!”

मेकॅनिकच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “अहो दीडशहाणे, तो काळा डाग कारखान्यातूनच येतो! आत हवा शिरली की तो पांढरा होतो, तेव्हा व्हॉल्व्ह मेला समजायचं. डोकं काळं म्हणजे आत जीव आहे.”

“मला काय माहीत?”

मेकॅनिकने साडूच्या कलप लावलेल्या केसांवरून सावकाश नजर फिरवली आणि मशीन परत त्याच्याकडे ढकललं.

“हे फक्त व्हॉल्व्हचं सांगतोय हं. माणसाचं तसं नसतं.”