लंडनहून आलेलं 'नॉट बॅड'

गेल्या रविवारी रोह्याहून सकाळच्या गाडीने पेणला उतरलो, रामवाडीत धाकट्या बहिणीकडे. सुशीला आणि तिचे मालक प्रकाशराव यांचा गणपतीचा कारखाना आहे. मूर्ती प्रकाशराव घडवतात, डोळ्यांची आखणी मात्र फक्त सुशीलाची!

पोचलो तर बाईसाहेब पांढऱ्या रंगाने भरलेली वाटी घेऊन बसलेल्या. लंडनच्या मंडळाच्या शाडूच्या मूर्तीचे डोळे पुसून पुन्हा आखायला निघाल्या होत्या... इतके जिवंत डोळे!

झालं होतं असं, की आदल्या दिवशी मूर्तीचा फोटो लंडनला पाठवला. तिथल्या सेक्रेटरी बाईंचा जन्मच तिकडचा, त्या इंग्रजीतच लिहितात. उत्तर एवढंच आलं... 'नॉट बॅड ॲट ऑल.'

"वाईट नाय म्हनजे चांगली बी नाय," असा सुशीलाने अर्थ लावला. परदेशची पहिलीच ऑर्डर, म्हणून डोळेच नव्याने आखायचे तिने ठरवलं.

मी म्हटलं, वाटी आधी खाली ठेव.

मी कॉलेज पाहिलेलं नाही, दहावीनंतर थेट कंपनीत. इंग्रजी शिकलो ते कान आणि डोळे उघडे ठेवून. आमच्या प्लांटवर एक इंग्रज इंजिनिअर यायचे. काही बिघडलं की ते शांतपणे म्हणायचे, 'इंटरेस्टिंग.' बॅच मनासारखी उतरली की 'नॉट बॅड.' आणि पुढे 'ॲट ऑल' जोडलं, तर समजायचं स्वारी बेहद्द खूश! हे नुसते शब्द वाचून कळत नाही, बोलणाऱ्याचा चेहरा पाहावा लागतो.

सुशीलाला पटेना. "दादा, तुझा इंजिनिअर वेगळा, ही बाई वेगळी."

मुद्दा बिनतोड होता. म्हणून सरळ लंडनला फोन लावायचं ठरवलं. पण तिकडे तेव्हा पहाट, त्यामुळे दुपारपर्यंत थांबलो... रंगाची वाटी माझ्या ताब्यात!

फोनवर बाई म्हणाल्या, आम्ही सगळे 'चफ्ड टु बिट्स' आहोत. आणि मी अडलो... हे आयुष्यात ऐकलं नव्हतं. सरळ अर्थ विचारला. त्या हसल्या, म्हणाल्या, आनंदाने वेडे झालोय, फोटोतले डोळे पाहून माझ्या आईने तिथल्या तिथे हात जोडले.

मी शब्दन् शब्द सुशीलाला सांगितला. ती म्हणाली, "तर तसंच लिवायचं ना सरळ. वाईट नाय म्हनं."

प्रकाशराव शेजारीच माती मळत होते. ते म्हणाले, "आनि तू गो? डोले आखून उठलीस तवा मी विचारलं, कशी झाली? काय म्हनालीस? बरी हाय."

सुशीला त्या दिवशी पहिल्यांदा हसली...

इतकी वर्षं मी इंग्रजांचं बोलणं टिपत आलो. पण माझ्या बहिणीच्या 'बरी हाय'मध्ये केवढा आनंद असतो, ते मला प्रकाशरावांनी शिकवलं. त्यांचे मनापासून आभार.