दिवाळी पहाटेचे आठ पास

ह्या वहीवर कुणाची नजर पडलीच तर आधी माफी मागते. मी चौथीपर्यंत शिकले. ऱ्हस्व-दीर्घ तेव्हाही चुकायचं, आणि त्यानंतर लिहिणं आलं ते दुधाच्या कार्डावर खुणा करण्यापुरतंच. अक्षर गिचमिड आहे, ओळ सोडून खाली उतरतं. मुलीच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी राहिली होती, त्यावर लिहिते आहे. मला बोलायला जमत नाही. चार माणसांत माझा आवाज फुटत नाही. म्हणून हे लिहून ठेवते.

मी जुळे सोलापुरात तीन घरी पोळ्या करते. माहेर केमचं. तिथे भाऊ आणि वहिनी शेती करतात. वहिनी आणि त्यांच्या गल्लीतल्या सहा जणी वर्षातून एकदा, उडीद घरात आला आणि हात जरा मोकळे झाले, की एक दिवस कुठेतरी फिरून येतात. कधी देवाला, कधी धरण बघायला. सोलापूरला यायचं त्यांच्या मनात भरवलं ते मी.

झालं असं, की दोन वर्षांमागे दिवाळीत मी पहाटेच कामाला निघाले होते. घरी पाहुणे असले की पहिल्या घरच्या बाई लवकर बोलावतात. वाटेतल्या मैदानात दिवाळी पहाटेचा गाण्याचा कार्यक्रम चालला होता. आकाशकंदील, पणत्या, स्टेजवर गाणारे, आणि समोर पांढऱ्या कापडाची खोळ चढवलेल्या खुर्च्या. फाटकावर झब्बा घातलेली दोन माणसं हातातलं कार्ड बघून एकेकाला आत सोडत होती. मी कंपाउंडची जाळी धरून एक अख्खा अभंग ऐकला आणि कामाला गेले.

भाऊबीजेला माहेरी गेले तेव्हा मी हे सगळ्यांना सांगितलं. पण सांगताना मी जाळीच्या बाहेर नव्हते. आत होते, तिसऱ्या ओळीत, खुर्चीवर. असं का सांगितलं ते आता सांगता येत नाही. वहिनींच्या अंगणात सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या, आणि मला कधी कुणी तसं बघत नाही.

"तिकीट किती असतंय त्याचं?" वहिनींनी विचारलं.

"दोनशे," मी म्हणाले.

बाई एकदा ऑर्केस्ट्राला गेल्या होत्या, त्याचं तिकीट दोनशे होतं, तेवढं माझ्या कानावर होतं. खोळ चढवलेल्या खुर्च्या फुकट असतील हे माझ्या डोक्यातही आलं नाही. आमच्यातल्या कुणाच्याच आलं नसतं.

गेल्या वर्षी दसरा झाल्यावर भाऊ मोटारीचं सामान घ्यायला सोलापूरला आला आणि माझ्या हातात औषधाच्या दुकानाचं एक पाकीट देऊन गेला. आत चौदाशे रुपये होते. दहाच्या नोटा जास्त, थोड्या विसाच्या, एक पन्नासची. कांद्याच्या लागणीला गेलेल्यांची मजुरी, कुणाची अंड्यांची विक्री. पाकिटावर भावाच्या अक्षरात "सात जणी" असं लिहिलेलं होतं.

बाईंनी सांगितलं की त्या कार्यक्रमाचे पास एका साडीच्या दुकानात मिळतात. मी सकाळी गेले. रांग होती. माझा नंबर आला तेव्हा काउंटरवरच्या माणसाने चार पिवळी कार्डं माझ्यापुढे सरकवली. मी पाकीट उघडलं.

"पैसे कशाचे, मावशी? फुकट आहे. एका माणसाला चारच. अजून पाहिजे असतील तर संध्याकाळी या."

मागून कुणीतरी हसलं. मी पाकीट मिटलं आणि मान खाली घालून बाहेर आले.

तेव्हापासून संध्याकाळपर्यंत माझ्याजवळ फोन होता. फोनमध्ये पैसे होते. वहिनींना एवढंच सांगायचं होतं की पैसे लागत नाहीत, परत पाठवते. मी तीन घरच्या पोळ्या केल्या. प्रत्येक घरी कणीक मळताना ठरवलं की इथलं आवरलं की फोन करते. केला नाही. केला असता तर वहिनी म्हणाल्या असत्या, "मग तुमी दोनशे कशावरनं म्हनला? आत बसलावता न्हवं?"

संध्याकाळी परत गेले. उरलेले चार पास मिळाले. दारातून निघणार तोच एका सेल्समनने हाक मारली. "आलाच आहात तर बघून जा की, मावशी. बघायला पैसे पडत नाहीत." मला कुणाला नाही म्हणता येत नाही. मी गादीच्या कडेला टेकले. त्याने एकावर एक साड्या उलगडल्या. भिडेपोटी घेतली, असं मी पुढे कितीतरी महिने स्वतःला सांगत होते. ते खोटं आहे. तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला होता, मला उठून जाता आलं असतं. मीच बसून राहिले. जांभळी साडी, हिरवे काठ, पदरावर बारीक कोयऱ्या. ह्या सातजणींच्या मधोमध मी ती नेसून बसले आहे, असं मला दिसत होतं.

साडी बाराशे ऐंशीची. त्याने दहाच्या नोटा मोजल्या आणि शेजारच्याला म्हणाला, "मावशींनी गल्ला फोडलाय रे!" मीसुद्धा हसले.

उरलेल्या एकशेवीस रुपयांतून मी गजरे घेतले आणि बाकीचे रिक्षाला ठेवले. पाहुण्यांना माझ्याकडून म्हणून.

आदल्या संध्याकाळी त्या सातजणी पॅसेंजरने आल्या. वहिनी, गल्लीतल्या थोरल्या काकू, ज्यांना कमी ऐकू येतं, आणि बाकीच्या पाच. माझ्या एका खोलीत सगळ्या मावल्या. पहाटे एकेक बादली गरम पाणी, तेल, उटणं, माझ्या आरशासमोर गर्दी. मी जांभळी साडी नेसून मोरीतून बाहेर आले तशी सगळ्या माझ्याकडे वळल्या. मग एकीने पदर हातात घेऊन चुरगाळून बघितला.

"अगं, लई भारी हाय की! केवढ्याला पडली?"

"बाईंनी दिली," मी म्हणाले.

म्हणजे आणखी एक खोटं.

मैदानाच्या फाटकाशी आल्यावर सगळ्यांनी चपला काढल्या. देवळात जाताना काढतो तशा. काकूंनी आपल्या चपला पिशवीत घातल्या आणि पिशवी पोटाशी धरली. झब्बावाल्यातला एकजण म्हणाला, "आजी, चपला घालून जा, चालतंय इथे." काकूंना ऐकू आलं नाही. त्या अनवाणीच आत गेल्या आणि बसण्याआधी खुर्चीला हात लावून तो कपाळाला लावला.

कार्यक्रम सुंदर झाला. एवढं तरी खरं लिहिते. उजाडायच्या आत भूपाळी झाली, मग अभंग, मग एका मुलीने नाट्यगीत म्हटलं. थंडी होती. आमच्या सातजणी टाळ्या कधी वाजवायच्या ते पुढच्या ओळीकडे बघून ठरवत होत्या. वहिनींनी एकदा माझ्याकडे वळून डोळे मोठे केले. एवढं चांगलं असेल असं वाटलं नव्हतं, असं त्यांना सांगायचं असावं. मला वाटलं, चला, दोनशेचं चीज झालं. माझ्या मनात खरोखर असा विचार आला.

मध्यंतराच्या आधी निवेदक पुढे आला. गोड आवाजाचा माणूस. त्याने पाहुण्यांचे, दुकानदारांचे आभार मानले आणि म्हणाला की पहिल्या वर्षापासून हा कार्यक्रम आम्ही रसिकांकडून एक रुपयाही न घेता करतो, ज्याला ऐकावंसं वाटतं त्याने यावं, दार सगळ्यांना उघडं आहे. लोकांनी जोरात टाळ्या वाजवल्या.

मी समोर स्टेजवरच्या झेंडूकडे बघत राहिले. माझ्या ओळीत टाळी वाजली नाही.

"काय म्हनला गं त्यो?" काकूंनी मोठ्याने विचारलं.

मला वाटलं आता जमीन फाटावी. वहिनी काकूंच्या कानाशी वाकल्या. त्यांचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

"काय न्हाय काकू. दिवाळीच्या शुबेच्छा दिल्या त्यानं."

काकूंनी समाधानाने मान हलवली. बाकीच्या पाच जणी गजऱ्यांना हात लावत होत्या, कुणी पदर सारखा करत होती. त्यांना कळलं की नाही ते मला तेव्हा कळलं नाही. वहिनींना कळलं होतं. त्या पुढचा सगळा वेळ माझ्याकडे वळल्या नाहीत.

नंतर तळ्यातल्या देवळात गेलो, बाजारात शेंगाचटणी घेतली, दुपारी मी त्यांना स्टेशनवर सोडलं. काकूंनी गाडीत चढायच्या आधी कनवटीची गाठ सोडली आणि दहाची नोट माझ्या मुठीत कोंबली. "पोरीला खाऊला घे. तुजं लई झालं आमच्यापायी." मी ती घेतली. नाही म्हणता येत नाही ना मला. वहिनी सगळ्यात शेवटी चढल्या. दारातून म्हणाल्या,

"साडी चांगली हाय, वन्सं. जपून नेसा."

मी ती पुन्हा नेसले नाही. बाईंच्या शेजारी चौथं घर धरलं आणि तिथल्या पगारातून महिन्याला दोनशे तांदळाच्या डब्यात टाकत गेले. उन्हाळ्यापर्यंत चौदाशे झाले. पैसे जमवणं अवघड गेलं नाही, हेच मला जास्त लागलं. गावच्या जत्रेला मी ते पैसे कमरेला खोचून केमला गेले आणि तसेच परत घेऊन आले. पैसे द्यायचे म्हणजे कशाचे ते सांगावं लागणार. आयोजकांनी परत दिले असं सांगू का, असंही मनात आलं. ते वाक्य मी गाडीत दोनदा तोंडातल्या तोंडात म्हणून बघितलं. मग माझं मलाच ऐकवेना.

वहिनींनी कुणाला सांगितलं नव्हतं. वर्षभर फोनवर पाऊस, म्हैस, माझ्या मुलीचा अभ्यास, एवढंच बोलल्या. त्यांनी भांडण काढलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

यंदा दसऱ्यानंतर त्यांचा फोन आला.

"वन्सं, यंदा बी येतो म्हणत्यात समद्या. पैसं किती जमवायचं?"

मी पोळी तव्यावर टाकली होती. ती करपली.

"हॅलो? हायसा न्हवं?"

"पैसे नका जमवू, वहिनी," मी म्हणाले. "ते फुकट असतं. गेल्या वर्षी पण फुकटच होतं. तुम्हा सगळ्यांचे पैसे माझ्याकडेच राहिले. त्याची मी साडी घेतली."

पलीकडून लांबून काकूंचा आवाज आला, "काय म्हनली गं ती?" तेव्हा मला कळलं की फोन सगळ्यांच्या मधोमध ठेवला होता.

ह्या वेळी वहिनींनी लपवलं नाही. मोठ्याने म्हणाल्या, "फुकट हुतं म्हनत्यात, काकू. आपल्या पैशाची साडी घेतली म्हनत्यात."

"ती जांबळी व्हय?" कुणीतरी म्हणालं. "तरीच. बाई कुटं असली नवीकोरी साडी देत असत्यात?" दोघीतिघी हसल्या. एक हसली नाही. तिचा आवाज मी ओळखला, अंडी विकते ती. "हसताय काय? माजं दोनशे कवा देनार, ते इच्चारा."

"आणून देते," मी म्हणाले. "रविवारी."

रविवारी मी गेले. सातही जणी वहिनींच्या अंगणात सुपात उडीद निवडत बसल्या होत्या. कुणी उठलं नाही, बस म्हणालं नाही. वहिनींनी पाणी आणून दिलं. मी उभ्यानेच पिशवीतून नोटा काढल्या. काय बोलायचं ते गाडीत पाठ केलं होतं. "चुकलं माझं," एवढंच आलं, आणि तेही घोगरं.

वहिनी नको म्हणतील अशी मला भीती होती. त्यांनी नको म्हटलं असतं तर मी मेले असते. त्यांनी हात पुढे केला, दोनशे मोजून घेतले आणि ब्लाउजमध्ये ठेवले. ते बघून बाकीच्यांनीही घेतले. अंडीवालीने नोटा उन्हाकडे धरून बघितल्या. एकजण म्हणाली, "आगं, फुकटचं हुतं म्हंजी आमी उगंच टाळ्या जपून वाजवल्या." तेवढ्यावर हसू आलं सगळ्यांना. मला नाही आलं. त्यांच्यात सगळ्यांत धाकटी होती, तिने पैसे घेतले आणि तोंड फिरवून निवडत राहिली. यंदा ती येणार नाही असं वहिनींनी मला नंतर सांगितलं.

शेवटी काकू. मी त्यांच्यापुढे वाकून दोन नोटा दिल्या. त्यांनी त्या मांडीखाली ठेवल्या आणि हात तसाच पुढे ठेवला.

"काकू, दिले की दोनशे."

"आन माजं धा?"

सगळ्या थांबल्या. काकू चेष्टा करत होत्या की नाही, मला आजही सांगता येत नाही. त्यांच्या तोंडावर काही नव्हतं. मी परतीच्या तिकिटासाठी ठेवलेले सुटे पैसे काढले, त्यातली दहाची नोट त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती मोजल्यासारखी उलटसुलट केली, मांडीखालचे दोनशे काढून त्यांच्या जोडीला कनवटीत घातली आणि गाठ मारली.

"हां," त्या म्हणाल्या. "आता बस खाली. तितलं सूप घे."

चौदाशे दहा रुपये. सगळे फिटले.