ओळख करायला गेले आणि वाढायला उभी राहिले

आमच्या अकरा बायकांच्या गटाचं त्या दिवशी ठरायचं होतं. अमरावतीला बचत गट आणि दुकानदारांचा मेळावा होता, त्यातून एक तरी कायमचा दुकानदार मिळाला, तर सरगुंडे करत राहायचे. नाही मिळाला, तर गट मोडून पुन्हा वावरात तण निंदायला जायचं. सरगुंडे म्हणजे कणीक काडीवर वळून करायच्या पोकळ शेवया, हाताला रग लावणारं काम. दोन वर्षं आम्ही ते नातेवाइकांनाच विकले आणि आता नातेवाईक संपले होते.

मेळाव्याला मला पाठवलं, कारण गटाच्या अध्यक्षीणबाईंच्या सुनेचे दिवस भरत आले होते. मी चौथी शिकलेली. परक्या माणसासमोर माझा आवाज घशातच राहतो, हे सगळ्यांना माहीत होतं. पण दुसरी कोणी जायला तयार नव्हती.

आधी तालुक्याहून एक मॅडम शिकवायला आल्या होत्या. नाव सांगायचं, मग गाव, मग माल. कार्ड द्यायचं, त्यांचं घ्यायचं. "भाषणं चालतात तेव्हा ओळखी होत नाहीत," त्या म्हणाल्या, "जेवणाच्या सुट्टीत होतात. तेव्हा कोपरा धरून बसू नका." मी घरी म्हशीपुढे उभं राहून म्हणून पाहिलं. तिच्यापुढे सगळं नीट जमलं.

सकाळी आमच्या नांदगावच्या फाट्यावरून एसटीने गेले. दुपारपर्यंत हॉलमध्ये बसून पाठ धरली. जेवणाची सुट्टी झाली तसे सगळे हातात ताटं घेऊन उभ्यानेच खायला आणि बोलायला लागले. मला कोणापाशी जावं कळेना. भाताच्या पातेल्यापाशी एक म्हातारे गृहस्थ ताट धरून थांबले होते आणि वाढणारा माणूस पुऱ्या आणायला गेला होता. आमच्याकडे पंगत बसली आणि बाईच्या हातात भांडं नसलं, तर ती रुसली असं समजतात. मी झारा उचलला.

मग मी तिथेच राहिले. "घ्या ना अजून, वरण गरम हाय," असं शंभर माणसांना म्हणाले असेन. आवाज कुठे अडला नाही. मला वाटलं, झाल्या ओळखी, एवढं काही अवघड नव्हतं.

अचलपूरची एक मसालेवाली, बुरखा घातलेली, माझ्याच वयाची, दुसऱ्यांदा भात घ्यायला आली. सकाळी ती माझ्या शेजारच्या खुर्चीवर होती, पण आता माझ्या हातात झारा पाहून थबकली.

"अवो बाई, तुमी कॅटरिंगवाल्याच्या हाव का?"

"नाई वो. मी सरगुंडेवाली."

"मंग काहून वाढून राहिल्या? नावाचा बिल्ला तं पदराखाली गेला तुमचा!" ती हसली. "या अल्ला, साऱ्या बाजारानं तुमच्या हातचा भात खाल्ला, आन् मालाचा पत्ता कोनाले नाई. ठेवा तो झारा. लोक निघून राहिले."

खरंच अर्धे गेले होते. माझे पाय तेव्हाच दुखायला लागले. तिने अकोल्याचे एक किराणावाले दाखवले आणि मला पाठीवर हात ठेवून ढकललं. मी तोंड उघडणार, तोच ते म्हणाले, "बाई, जरा लोणचं आनता का?"

मी लोणचं आणलं. ताटात वाढलं आणि मग म्हणाले, "मी कॅटरिंगची नाई. मी सरगुंडे करतो."

"मंग लोणचं काहून आनलं?"

"तुमी मांगतलं म्हणून."

ते हसले नाहीत, पण ताट खाली ठेवलं. नाव आणि गाव सांगायचं मी विसरूनच गेले होते. पिशवीतली पुडी काढून दिली. त्यांनी एक सरगुंडा मोडून पाहिला, वास घेतला.

"शिजल्यावर तुटते का?"

"नाई. काडीवर वळतो आमी, मशीनवर नाई."

"मशीनचा माल हातचा म्हनून खपवनारे लय येतात माह्याकडे," ते म्हणाले. "जठारपेठेत दुकान हाय. दोन किलो ठेवा. खपला तं दर पंधरवड्याले घेईन. पन पार्सल पाठवजा नोका. तुमीच या. गिऱ्हाइकानं इचारलं, तं मले सांगाले मानूस ओळखीचा पायजे."

संध्याकाळी उतरले तर बायका फाट्यावरच उभ्या होत्या. सांगितलं तेव्हा एकीने माझ्या तोंडात साखर कोंबली. मग अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "पन पंधरा दिवसाले अकोल्याले जाईन कोन?" सगळ्या माझ्याकडेच पाहत होत्या.

माल खपला. तेव्हापासून मीच जाते. दोन एसट्या, दुकानात तासभर उभं राहणं, गिऱ्हाइकांना तेच तेच सांगणं. अजूनही पहिलं वाक्य घशात अडतं. गट टिकला याचं बरं वाटतं. पण कधीकधी गाडीत बसल्यावर मनात येतं, त्या माणसाने नाही म्हटलं असतं तर मी वावरात निंदत असते. तिथे उन्हाने जीव जातो, पण कोणाला आपली ओळख सांगावी लागत नाही. हे मी बायकांना सांगितलेलं नाही. परवा पुन्हा जायचं आहे.