तापाचा पहिला दिवस

गणपती विसर्जनानंतरचा मंगळवार. दवाखान्याची अनामत पंच्याहत्तर हजार रुपये, कार्डावर भरले, पावती घेतली. हजर: मी, माझी पत्नी सुनंदा, मुलगी गौरी आणि तिच्या मांडीवर नऊ महिन्यांचा ईशान. ईशानचे वडील हजर नव्हते. मुलगा आजारी आहे हेच त्यांना माहीत नव्हते, कारण आम्ही सगळ्यांनी मिळून तसे ठरवले होते.

पैसे भरून वर आलो तेव्हा लहान मुलांच्या डॉक्टरीणबाई ईशानला तपासत होत्या. त्यांनी त्याचे ओठ पाहिले, जीभ पाहिली, मग बाही वर करून बीसीजीच्या लसीची जुनी खूण पाहिली. ती खूण लालभडक झाली होती. त्या म्हणाल्या, "कावासाकी डिसीज का शक है."

हे नाव मी पहिल्यांदाच ऐकत होतो. वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांचे तसेच असेल, म्हणून सांगतो. हा संसर्गाचा आजार नाही, एकापासून दुसऱ्याला होत नाही. लहान मुलांच्या रक्तवाहिन्यांना सूज येते. ताप औषधाने उतरत नाही, डोळे लाल होतात पण चिपडे येत नाहीत, ओठ फुटतात, जीभ लाल आणि खरखरीत होते, अंगावर पुरळ येते. हे सगळे आपोआप जाते. भीती वेगळीच आहे. हृदयाला रक्त देणाऱ्या बारीक नळ्या, ज्यांना कोरोनरी म्हणतात, त्या काही मुलांमध्ये फुगतात. त्यावर इम्युनोग्लोब्युलिन नावाचे औषध शिरेतून देतात, आणि ते तापाच्या दहा दिवसांच्या आत द्यायचे असते.

"कितवां दिन है?" त्यांनी विचारले.

"सातवा," मी म्हणालो. मी सरकारी लेखा विभागात सत्तावीस वर्षे काढली आहेत, आकडा विचारला की पटकन सांगतो. गौरी खाली बघत होती.

"अच्छा, तो टाइम है. कल एको करके डिसाइड करते हैं."

एको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी.

आता हे कुटुंब कसे राहत होते ते सांगितले पाहिजे. माझे जावई विक्रमराव फौजेत कॅप्टन. ईशान तीन महिन्यांचा असताना त्यांची बदली वरच्या ठाण्यावर झाली, कुठे ते लिहीत नाही. तिथे बायकामुले नेता येत नाहीत. अशा कुटुंबांसाठी छावणीत वेगळी क्वार्टर्स असतात, तिथे गौरी बाळाला घेऊन राहत होती. आमचे घर त्याच शहरात, तारनाक्याला, तिथून पाऊण तासावर. आम्ही म्हणायचो, इकडेच ये. ती म्हणायची, "आई, मी फौजीची बायको आहे, माहेरवाशीण नाही." शेजारच्या घरांत तशाच मुली, कडेवर तशीच मुले. कुणाचा गॅस संपला, कुणाचे मूल रांगायला लागले, एवढ्यावर दिवस जात. विक्रमरावांचा फोन आठवड्यातून एकदोनदा येई, दहा मिनिटे. त्या दहा मिनिटांत काय बोलायचे याचा एक नियम होता.

तो नियम विहीणबाईंचा. साताऱ्याकडच्या. सासरा फौजेत, नवरा फौजेत, मुलगा फौजेत. लग्न झाल्यावर त्यांनी गौरीला जवळ बसवून सांगितले होते, "पोस्टवरच्या माणसाला घरचं दुखणं कळवायचं नाही. त्याचं लक्ष हललं तर त्याच्या जिवाला धोका. मी माझ्या सासऱ्यांचं तेरावं उरकून मग ह्यांना कळवलं." तेव्हा आम्हां सगळ्यांना ते फार थोर वाटले. मलाही वाटले. आमच्या घरात पेन्शन आणि बढती यापलीकडे शौर्य कुणी पाहिलेच नव्हते.

गुरुवारी गौरीने फोन केला होता, "कालपासून कणकण आहे." आम्ही तिला तारनाक्याला घेऊन आलो. आमच्या ओळखीच्या डॉक्टरांना मी सांगितले, दुसरा दिवस. ते म्हणाले, व्हायरल असेल, पाच दिवस वाट पाहू, मग बघू. डेंग्यूची तपासणी केली, ती नव्हती. आम्ही वाट पाहिली. सोमवारी त्यांनी बाळाला पाहिले आणि त्यांचा चेहरा बदलला. म्हणाले, उद्याच ऍडमिट करा.

मी म्हणालो, "मिलिटरी हॉस्पिटल आहे ना. कार्ड आहे. मोफत आहे."

गौरी म्हणाली, "तिथं नको, बाबा. आजार गंभीर निघाला तर तिथून थेट युनिटला सिग्नल जातो. विक्रमला कळेल."

मी विहीणबाईंना फोन लावला. वाटले, त्या तरी समजावतील.

"व्याही, त्याला कळता कामा नये."

"विहीणबाई, अहो बाहेरच्या दवाखान्यात..."

"खर्चाचं बोलताय होय? मग तसं सांगा. माझ्या पाटल्या आहेत."

यावर कोणता बाप बोलेल? सुनंदा म्हणाली, "हौ, ठेव आता फोन. त्यांच्या पाटल्या त्यांच्याकडेच राहू दे." मंगळवारी आम्ही खासगी दवाखान्यात गेलो.

बुधवारी सकाळी डॉक्टरीणबाई आल्या. हातात रक्ताचा रिपोर्ट होता. प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, साडेआठ लाख. त्यांनी ईशानचा हात हातात घेतला, बोटांची टोके उजेडात धरली. नखांच्या कडेने साल सुटत होती. पिकल्या केळ्याच्या दोऱ्यासारखी बारीक. आम्ही ती पाहिलीही नव्हती.

त्या गौरीच्या समोर स्टूल ओढून बसल्या. "अम्मा, ये चमड़ी आठवें दिन नहीं निकलती. ये दूसरे हफ्ते का काम है. डांटने के लिए नहीं पूछ रही. सच बोलो, बुखार कब से है?"

गौरीने ईशानचा हात आपल्या मुठीत घेतला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "शनिवारपासून."

"कौनसा शनिवार?"

"मागचा नाही. त्याच्या आधीचा."

मी बोटांवर मोजले. मोजायची गरज नव्हती. तो आठवा दिवस नव्हता, बारावा होता. आणि मी डॉक्टरांना दुसरा दिवस म्हणून सांगितले तो गुरुवार सहावा होता. त्याच दिवशी कुणाला तरी शंका यायला हवी होती. आली नाही, कारण माझा आकडा चुकीचा होता.

"अगं, आम्हाला का नाही सांगितलंस?" सुनंदा म्हणाली.

"रविवारी विक्रमचा फोन आला, मी सांगितलं सगळं छान आहे. मग तुमचा आला, तेव्हाही तेच तोंडातून निघालं. वाटलं, उद्या उतरेल. बाबांना सांगितलं असतं तर त्यांनी विक्रमला फोनवर तापाचा आकडासुद्धा सांगितला असता."

खरे होते. मी सांगितला असता.

खोटे बोलायची सवय माणूस बघून थांबत नाही. एकाशी चांगल्या हेतूने बोलायला शिकले की सगळ्यांशी बोलले जाते. हे मी रागाने लिहितो आहे, पण गौरीवरच्या रागाने नाही. सव्वीस वर्षांच्या मुलीला तापलेले बाळ घेऊन एकटीने हसऱ्या आवाजात फोन घ्यायला आम्ही सगळ्यांनी शिकवले आणि त्याला धीर म्हटले.

एको झाली. डावीकडची नळी दोन मिलिमीटरच्या आत हवी होती, ती तीनच्या वर होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "देर हुई है, पर देना है. अभी." औषध कोठी या बाजारपेठेतल्या होलसेल दुकानात स्वस्त मिळते, असे कळले. मी रिक्षाने गेलो, बर्फाच्या डब्यातून चार बाटल्या आणल्या. सुलतान बाजारपाशी रिक्षा अडकली. डावीकडे झबली टांगलेले दुकान होते, ईशानचे पहिले झबले सुनंदाने तिथेच घेतले होते. डबा मांडीवर धरून मी त्याकडे बघत बसलो.

औषध थेंबथेंब बारा तास चालते. ते मोजून सोडणारे यंत्र असते, इन्फ्युजन पंप. नळीत हवा आली की ते टींटीं वाजते. दुपारी चारच्या सुमारास गौरीचा फोन वाजला. विक्रमरावांची वेळ नव्हती, पण लाइन मोकळी मिळाली म्हणून त्यांनी केला होता.

"अरे वा, आज कसा काय?" गौरीचा आवाज एका क्षणात बदलला. तो बदल मी पहिल्यांदा समोर बसून पाहिला. "आम्ही मजेत. ईशू झोपलाय."

तेवढ्यात पंप वाजला.

"कसला आवाज आहे?" खोली शांत होती, त्यांचा शब्दन् शब्द ऐकू येत होता.

"कुकरचं..."

"गौरी, कुकर शिट्टी देतो. हा आवाज मला माहितीये. कोण आहे दवाखान्यात?"

तिने फोन माझ्या हातात दिला. मला प्रस्तावना जमली नाही. म्हणालो, "विक्रमराव, ईशान. तापाचा आज बारावा दिवस."

मग ते म्हणाले, "बारा दिवस मी कुणाशी बोलत होतो, बाबा?"

मी फोन गौरीला परत दिला.

ते शनिवारी पोहोचले. तोवर ताप उतरला होता. हात धुऊन त्यांनी ईशानला उचलले. ईशानने त्यांना ओळखले नाही, रडला. नंतर बाहेरच्या बाकावर ते मला म्हणाले, "सुट्टी एका तासात मंजूर झाली. साहेब म्हणाले, अर्ज नंतर दे, आधी गाडीत बस." तेवढेच म्हणाले. आईला मात्र त्यांनी माझ्यादेखत फोन केला. "आई, लक्ष हललं तर जिवाला धोका, बरोबर. पण जीव कुणाचा, ते तू विचारलंच नाहीस." विहीणबाई त्यानंतर आमच्याशी बोललेल्या नाहीत. पाटल्यांचा विषयही निघाला नाही.

घरी सोडताना खासगी दवाखान्याने पुढच्या तपासण्या सांगितल्या. त्यांसाठी आम्ही मिलिटरी हॉस्पिटलला गेलो. तिथल्या मेजर डॉक्टरांनी सगळे कागद वाचले. म्हणाले, "इधर क्यों नहीं लाए? इंजेक्शन हमारे स्टोर में पड़ा था." गौरी बाळाचे मोजे सारखे करत राहिली. मोजे सारखेच होते.

ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांच्यासाठी थोडे. बाळाला ताप आला की पहिला दिवस कोणता ते लक्षात ठेवा आणि डॉक्टरांना खरा सांगा. औषध दिल्याने एखाद दिवस ताप लपला तरी मोजणी नव्याने सुरू होत नाही. पाच दिवसांनंतरही ताप असेल आणि डोळे, ओठ लाल असतील, तर कावासाकी आहे का, हे तुम्हीच विचारा. उपचारानंतर रोज थोडे ऍस्पिरिन द्यावे लागते. ते चालू असताना घरात कुणाला फ्लू किंवा कांजिण्या झाल्या तर लगेच डॉक्टरांना कळवा. काही लसी अकरा महिने पुढे ढकलाव्या लागतात. आणि फौजी घर असेल तर मिलिटरी हॉस्पिटलला जा. सिग्नल जाऊ द्या. तो त्यासाठीच असतो.

ईशान आता चालतो, पळतो. नळी थोडी बारीक झाली आहे, नेहमीसारखी झालेली नाही. डॉक्टर म्हणतात, भरून येईल कदाचित, कदाचित नाही. चार दिवस उशीर झाला नसता तर काय झाले असते, हे मी त्यांना एकदा विचारले. ते म्हणाले, "ये हिसाब मत कीजिए." मी ते आजही करतो.

एकूण खर्च: दवाखाना एक लाख सव्वीस हजार तीनशे, कोठीची औषधे एकोणचाळीस हजार पाचशे. बेरीज एक लाख पासष्ट हजार आठशे. सगळे मी भरले. सरकारकडून काही मिळाले नाही, कारण मोफत दवाखाना जवळ असताना आम्ही आपल्या मर्जीने बाहेर गेलो होतो. विक्रमराव म्हणाले, मी देणार. मी नको म्हणालो, नातवाचे कसले पैसे?

"घ्या, बाबा. तुम्ही भरलंत तर तो तुमच्याकडचा आजार होतो. मला माझ्या घरातला हवाय."

मी घेतले. दरमहा पंधरा हजार, अकरा महिने. मध्ये त्यांची बदली झाली, आता तिघेही एकत्र राहतात, इथून दीड दिवसाच्या गाडीवर. आता लांबचा मी आहे.

काल शेवटचे आठशे रुपये माझ्या खात्यात जमा झाले. खाली त्यांचा निरोप होता: "बाबा, हिशोब पूर्ण. ईशानला आज सकाळपासून शंभर ताप आहे. पहिला दिवस."