सुमनताईंचा फोन कुणी उचलला नाही

वसतिगृहातून लेकराचा फोन आला की तुमचा पहिला प्रश्न कोणता असतो? खरं सांगा.

पथनाट्य करणाऱ्या सुमनताई जाऊन काही आठवडे झाले. नांदेडच्या शोकसभेत ‘कला माणसाचं जगणं समृद्ध करते’ असं बोलून गेलेल्यांपैकी एकानंही त्यांचं नाटक पाहिलेलं नव्हतं. मी प्रत्येक प्रयोगाला होतो. हलगी वाजवायचो.

मी पत्रकांवर वाढलो. वडील कामगार संघटनेत, घरात गोष्टीची पुस्तकं कमी आणि पत्रकांचे गठ्ठे जास्त. पहिलं नाटक लिहून ताईंना वाचून दाखवलं, तर म्हणाल्या, ‘‘कॉम्रेड, तुझा हा शोषित मघापासून बोलूनच राहिला. त्यानं सकाळपासून काही खाल्लं का न्हाई?’’ मी चिडलो. ‘‘ताई, प्रश्न व्यवस्थेचा आहे.’’ ‘‘हाव. पण भूक त्याचीच हाय ना?’’ साहित्य कशाला लागतं, ते मला त्या एका वाक्यात कळलं.

त्यांच्या नाटकात लातूरला क्लाससाठी ठेवलेला एक पोरगा होता. पन्नाशीच्या ताईच तो व्हायच्या. शेवटी पोरगा घरी फोन लावतो. तुटक्या वायरचा जुना काळा रिसीव्हर कानाला लावून ताई म्हणायच्या, ‘‘हॅलो, मी बोलतोय...’’ आणि थांबायच्या. पलीकडचं माणूस नाटकात नव्हतंच, ते प्रेक्षकांतून उठायचं. लोह्याच्या बाजारात एक म्हातारी भाजी तशीच टाकून उभी राहिली, ‘‘जेवलास का रं बाळा?’’ रेणापुरात एक शेतकरी ओरडला, ‘‘ये की घरी! म्हैस बी तुला धुंडून राहिली!’’ सगळे हसले आणि हसता हसता तोच रडायला लागला. आमचं पत्रक वाचून रडलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

मग लातूर. क्लासच्या गल्लीत पालकसभा सुटली होती, समोर आईबापांची गर्दी बसलेली. वसतिगृहांच्या वरच्या मजल्यांवर जाळ्यांमागं पोरं उभी. ‘‘हॅलो, मी बोलतोय...’’ कुणी उठलं नाही. ‘‘हॅलो?’’ एक बाई उठत होती, नवऱ्यानं हाताला धरून बसवलं. मागून कुणीतरी म्हणालं, ‘‘आधी मार्क किती पडले ते सांग म्हणावं!’’ त्यावर टाळ्या पडल्या. ताईंनी रिसीव्हर कानावरून खाली घेतला. हळूच म्हणाल्या, ‘‘लागत न्हाई वाटतं.’’

परतताना एसटीत त्या एवढंच बोलल्या, ‘‘कुणीच उठलं न्हाई, हे वरून पोरांनी बघितलं रे. आपण त्यांचं वाईटच केलं.’’ मी पुन्हा व्यवस्थेवर बोलायला लागलो. त्यांनी खिडकीकडं तोंड फिरवलं. ती आमची शेवटची भेट. त्यानंतर त्यांनी प्रयोग लावलाच नाही, आणि एका सकाळी त्या झोपेतून उठल्याच नाहीत. कलेनं जगणं समृद्ध होतं, हे मला आता छातीठोकपणे म्हणवत नाही. ऐकणाऱ्यानं उठावं लागतं. लातुरात कुणी उठलं नाही आणि ताई तेच सोबत घेऊन गेल्या.

तो रिसीव्हर आता माझ्या टेबलावर आहे. मधेच कानाला लावतो... काही ऐकू येत नाही. एरवी पत्रकाच्या शेवटी मी इथं मागण्यांची यादी लिहिली असती. आज एकच मागतो. हा कागद खाली ठेवा आणि लेकराला फोन लावा. टेस्ट, मार्क, रँक यातलं काहीएक विचारू नका. जेवलास का, विचारा. आणि ते बोलेपर्यंत फोन ठेवू नका.