साडूभाऊंच्या गाडीचा पाईप

आवाज झाला नाही म्हणजे काम झालंच नाही, असं मानणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच आहे, आणि तो नेमका माझ्या वाट्याला आला आहे. माझे साडू. बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते लातूरला, मी नांदेडला, मधे तीन तासांचा रस्ता, म्हणून आमचं नातं आजवर टिकलं. त्यांचा फोन आला की मी तो टेबलावर ठेवून आत चहा करायला जातो. आतसुद्धा सगळं स्वच्छ ऐकू येतं, वर शेजारच्या बाईंनाही आमच्या घरच्या भानगडी घरबसल्या कळतात. दाराची बेल त्यांनी कधी वाजवली नाही, कारण गल्लीच्या तोंडापासूनच "पाव्हणं, हाव का घरात?" अशी हाक येते. मी मुळात तापट आहे, ते नाकारत नाही. आयटीआयमध्ये तीस वर्षं पोरांना इंजिन शिकवलं. नटाला चुकीचा पाना लावलेला दिसला की माझं डोकं फिरायचं. पण त्या सगळ्या पोरांनी मिळून मला दिला नसेल एवढा ताप साडूभाऊंनी एकट्याने, एका वर्षात, एका पाईपने दिला.

लातूरला त्यांची डाळमिल होती आणि मिलच्या मागच्या भिंतीला लागून घर. सकाळी सातला पट्टे फिरायला लागायचे ते दुपारी एकला जेवणापुरते थांबायचे. लग्नानंतर मी पहिल्यांदा त्या घरी मुक्कामाला गेलो तेव्हा फडताळातली भांडी, भिंतीवरचं घड्याळ आणि माझे दात असं सगळं एकाच तालात हलत होतं. साडूभाऊ त्या धडधडीत सुट्टीची दुपार असल्यासारखे घोरायचे आणि वीज जाऊन मिल थांबली की दचकून उठून बसायचे. एकला मिल थांबली की अक्का, म्हणजे माझी मेव्हणी, गॅसवर तवा चढवायच्या. साडूभाऊ अंगावरची डाळीची धूळ झटकून, हातपाय धुऊन पाटावर बसेपर्यंत पहिली भाकरी तव्यावरून थेट ताटात. गावाला हाका मारणाऱ्या या माणसाने बायकोला हाक मारलेली मात्र मी कधी ऐकली नाही. त्यांच्यात तशी पद्धतच नव्हती. नाव घ्यायचं ते लग्नात उखाण्यापुरतं, आणि पुढे गरज पडली नाही, कारण मिल थांबली म्हणजे हे आले हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

एवढ्या गोंगाटात राहून माणूस बहिरा व्हावा, तर यांचे कान उलट जास्तच तिखट झाले. आमच्या घरी आले की चप्पल काढायच्या आत "मिक्सरचं बुश गेलंय तुमच्या" असं सांगून मोकळे. भोकरला एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना हे उठून मांडवामागे गेले, कारण जनरेटर मधूनच एक ठोका चुकत होता. तिथे मान तिरकी करून बराच वेळ ऐकत उभे राहिले आणि मग काहीतरी पिळलं. जनरेटर असा काही तेजीत आला की भटजींच्या पुढचा स्पीकर कडाडला आणि नवरीच्या हातून हार खाली पडला. नवऱ्याकडची माणसं खवळली. मी सगळ्यांची माफी मागत फिरत होतो आणि हे रुमालाने हात पुसत, समाधानाने मला सांगत होते, "आता बरं वाजायलंय."

पुढे मिल बंद झाली. दोन्ही मुलं पुण्यात, संगणकापुढे. तुरीच्या धुळीत यायला कोणी तयार नव्हतं. यंत्रं गेली आणि त्या जागेवर क्लासच्या पोरांची अभ्यासिका उभी राहिली. ज्या भिंतीआड चाळीस वर्षं पट्टे फिरले तिच्यावर आता 'कृपया शांतता राखा' असं लिहिलेलं आहे. साडूभाऊंची दुपारची झोप उडाली. भर जानेवारीत ते खाटेशेजारी कूलर लावून, अंगावर दोन चादरी घेऊन पडायचे. जेवणाचाही घोळ होऊ लागला. हे कधीही घरात येऊन पाटावर बसायचे, त्या वेळी अक्का देवळात असायच्या, नाहीतर गच्चीवर कपडे वाळत घालत असायच्या, आणि ताटात गार भाकरी पडली की हे रुसायचे. अक्का माझ्या बायकोला फोनवर सांगायच्या, "येतेत कवा, जातेत कवा, कायबी कळंना गं." मी ते ऐकलं आणि सोडून दिलं.

त्यानंतर त्यांनी गाडी आणली. म्हातारपणी लोक आरामखुर्ची घेतात. यांनी हैदराबादच्या कुठल्याशा शौकिनाची वापरलेली स्पोर्ट्स कार घेतली. लाल रंग, दोनच दारं, आणि जमिनीला एवढी चिकटलेली की लातुरातल्या प्रत्येक स्पीडब्रेकरला मी खाली उतरायचं, गाडी रिकामी पलीकडे जाणार, मग मी पळत जाऊन पुन्हा बसायचं. बसताना पाय आधी घालायचे की डोकं, हे मला शेवटपर्यंत समजलं नाही. पण इंजिन झकास होतं, ते मी कबूल करतो. पायाचा अंगठा टेकवला की पाठ सीटला चिकटायची. दुसऱ्या कुणी पेढे वाटले असते. साडूभाऊ चेहरा पाडून म्हणाले, "गाडी हाय का मांजर? आली कवा, गेली कवा, कुनाला पत्ता लागंना."

मिलमधली एकच वस्तू त्यांनी राखून ठेवली होती. तुरीची टरफलं बाहेर उडवणाऱ्या पंख्याचा पाईप. पत्र्याचा, कोपरापर्यंत हात आत जाईल एवढा रुंद. तो उचलून ते ट्रॉल्या जोडणाऱ्या एका वेल्डरकडे गेले, गाडीचा सायलेन्सर काढायला लावला आणि त्या जागी हा पाईप जोडून घेतला. वेल्डर बिचारा म्हणत होता, "काका, खामखा गाडीचा दम जाईल." त्याचं कोण ऐकतो. मला कळलं तेव्हा मी फोनवर एवढा ओरडलो की या खेपेला टेबलावर फोन त्यांनी ठेवला असेल. मी त्यांना सोप्यातलं सोपं करून सांगितलं. बागेच्या नळीच्या तोंडावर अंगठा धरला की पाणी कसं लांब उडतं? इंजिनातला जळका धूरही असाच वेगात बाहेर पडायला हवा, तो वेगाने गेला तर आपल्यामागून येणारा धूर ओढून नेतो. पाईप वाजवीपेक्षा रुंद केला की धूर आतच रेंगाळतो आणि गाडी मरगळते, विशेषतः चढावर. तुम्हाला पळणारी गाडी पाहिजे का बोंबलणारी, ते ठरवा. यावर साडूभाऊ शांतपणे म्हणाले, "पाव्हणं, मिलमधी पाईप रुंद केला की टरफल भसाभसा भायेर जातंय. चाळीस वर्षं बगितलंय म्या." मी म्हणालो, तिथे मागून पंखा ढकलतो. ते म्हणाले, "मग हितं इंजन हाय की." मी फोन ठेवला आणि त्या दिवशी जेवलो नाही.

तरीही मी त्या गाडीत बसलो, हा माझा गाढवपणा. लातूरहून नांदेडला मला सोडायला ते निघाले. गावाबाहेर पडेपर्यंत माझ्या छातीत जणू पत्र्याचं पिंप बडवलं जात होतं. रस्त्याकडेच्या शेळ्या दावं तोडून पळाल्या, क्लासच्या पोरांनी मोबाइल उंचावून शिट्ट्या मारल्या. अहमदपूरच्या अलीकडे चढ लागतो. तिथे आमच्या लाल स्पोर्ट्स कारने एवढा गजर केला की विमानही उडालं असतं, आणि वेग मात्र कमी कमी होत गेला. मागून एक काळीपिवळी जीप आली. आत कोंबलेली माणसं, मागच्या पायरीवर तिघं लटकलेली, टपावर कांद्याची पोती. ती आम्हाला ओलांडून गेली. लटकलेल्यातल्या एकाने आम्हाला हात हलवून निरोपही दिला. मी साडूभाऊंना जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. ते सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "गेला तर जाऊ द्या. त्याला आपला आवाज आला का न्हाई, ते सांगा."

पुढे त्या आवाजाने घरच मोडायची वेळ आली. अभ्यासिकेची पोरं तक्रार घेऊन दारात उभी राहिली. भजनाच्या बायका अक्कांना विचारू लागल्या की मालकांना म्हातारचळ लागला का. अक्का कोणाचं ऐकून घेणाऱ्यातल्या नाहीत. त्यांनी बॅग भरली, एसटी पकडली आणि नांदेडला आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "त्या भोंग्याचा पाईप निगंल तवाच लातूर," असं सांगून त्यांनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. पाहुणी म्हणून त्यांना मी काही बोलू शकत नव्हतो. माझ्या चहातली साखर कमी झाली, माझा रेडिओ बंद झाला, मी वर्तमानपत्र कसं घडी घालतो यावरही त्यांचं मत होतं. "भावजी, तुमी एवढे शिकलेले, तुमचं ऐकत न्हाईत म्हंजे काय?" असं त्या दिवसातून दोनदा विचारायच्या. पण एकचा सुमार झाला की त्यांचा हात चालेनासा व्हायचा. पीठ परातीत काढून त्या खिडकीशी नुसत्याच उभ्या राहायच्या. तीन आठवडे झाले. साठी उलटलेली बाई नवऱ्याचं घर सोडून बहिणीकडे बसली आहे, आणि तो हट्टी माणूस तिकडे एकटा दूधभात खातो आहे, हे मला बघवेना. मी लातूर गाठलं.

मी एकच विचारलं, "पाईप की अक्का?" साडूभाऊ पाटावर बसून होते. त्यांनी पुढ्यातला दूधभात बाजूला सारला. मग चावी काढून माझ्यापुढे ठेवली. त्याच वेल्डरकडे मी स्वतः उभा राहिलो, फुटपट्टीने मोजून बरोब्बर मापाचा पाईप घातला, उत्तम सायलेन्सर बसवला. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात नेटकं काम असेल. लगेच गाडी अहमदपूरच्या चढावर नेली. पंख फुटल्यासारखी चढली, वाटेत दोन जीपा आणि एक ट्रॅव्हल्स मागे टाकली, आणि आवाज म्हणाल तर टायरखालच्या खडीचा तेवढा. मी विजयी मुद्रेने त्यांच्याकडे पाहिलं. "पळायलीय बगा," ते म्हणाले. कुणाच्या दहाव्याला आल्यासारखा त्यांचा सूर होता.

मला वाटलं, दुसऱ्याच दिवशी येऊन अक्कांना घेऊन जातील. आठवडा गेला, आले नाहीत. अक्कांचं लक्ष उडालं, माझ्या चहात साखर दुप्पट पडू लागली. आठव्या दिवशी दुपारी मी पाण्याचा जार आणायला बाहेर पडलो, तर फाटकापुढे लाल गाडी उभी. आत साडूभाऊ, धुतलेलं धोतर, डोक्यावर टोपी, दोन्ही हात चाकावर. गाडी चालू होती. मी बॉनेटवर हात ठेवला तेव्हा मला ते समजलं.

"कधी आलात?"

"झाला असंल अर्धा घंटा."

"मग आत का नाही आलात? मला हाक तरी मारायची. एरवी सगळी गल्ली उठवता."

"तुमाला कशाला मारू? तुमाला न्यायला आलोय का?" ते चाकाकडे बघत म्हणाले. "गाडी चालूच ठिवलीय. म्हणलं, तिला कळंल."

"कळणार कसं? हिचा आवाज आहे कुठे?"

"तेच म्हणलालो," ते म्हणाले. "मिल होती तवा कळायचं. मिल थांबली की तवा चढायचा. मग मिलच गेली. म्या घरात येऊन बसायचो, ती कुटं देवळात, कुटं गच्चीवर. पाईप लावला तर कोपऱ्यावरनंच कळंल म्हणलं, आपुन आलो म्हून."

"हे तिला सांगितलं का नाहीत?"

"सांगायचं काय त्यात? चाळीस वर्षं कदी सांगावं लागलं न्हाई."

मला फार राग आला. त्यांचा आला, आणि त्याहून जास्त माझा. त्या पाईपची रुंदी मी दोनदा मोजली होती, तो कशासाठी लावला हे एकदाही विचारलं नव्हतं. "आता मारा हाक," मी म्हणालो. त्यांनी तोंड उघडलं, पण काय म्हणून मारावी ते त्यांना सुचेना. "मग रेस द्या." त्यांनी पाय दाबला. मी बसवलेला सायलेन्सर इतका उत्तम होता की फाटकावरची चिमणीसुद्धा हलली नाही.

शेवटी मी जार खाली ठेवला, घराकडे तोंड केलं आणि वर्गाबाहेर कधी चढवला नव्हता एवढा आवाज चढवला. "अक्का, मिल थांबली."

शेजारच्या बाई गच्चीवर आल्या. समोरच्या घराची खिडकी उघडली. आमच्या घरात मात्र कसलीच हालचाल झाली नाही. साडूभाऊंनी गाडी बंद केली, चावी मुठीत धरली आणि भोकरच्या मांडवामागे उभे होते तशी मान तिरकी करून घराकडे कान लावला. मग स्वयंपाकघरात तवा गॅसवर आदळला. थोडा वेळ गेला, आणि परातीत भाकरी थापल्याचा आवाज येऊ लागला, आधी जरा रागावलेला, मग एकसारखा. साडूभाऊ गाडीतून उतरले, अंगावर नसलेली धूळ झटकली आणि पाय धुवायला अंगणातल्या नळाकडे गेले.

"बरं वाजायलंय," ते म्हणाले. इतक्या हळू म्हणाले की मला वाकून कान पुढे करावा लागला.