रोजचा लोबान

काल संध्याकाळी खालच्या मजल्यावरून लोबानचा वास आला आणि भाई दचकून उठून बसला... म्हणून आज हे लिहायला घेतलं.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. कोपरखैरण्याच्या दोन खोल्यांत अम्मी, अब्बा, मोठा भाऊ अनीस आणि मी. भाई तुर्भ्याच्या एका कारखान्यात फिटर होता. भारी मस्करीखोर, आणि गणित असं शिकवायचा की माझ्यासारख्या ढ पोरीलाही कळायचं.

कामावरून आला की तो मोरीत बसून गांजा ओढायचा. अम्मी तेव्हा शेजारी मुलांना अरबी शिकवायला गेलेली असायची. ती आणि अब्बा परतायच्या आत मी घरभर लोबानचा धूर फिरवायचे. आमच्याकडे लोबान गुरुवारचा, मी मात्र रोज... अम्मी कौतुकाने सगळ्यांना सांगायची, "आमची सलमा लय दीनदार झाली, धर्माचं मनापासून करते." मला मनात हसू यायचं. भावाला पाठीशी घालतेय याचा अभिमानही वाटायचा.

दीडेक वर्षात भाई बदलला. आधी विसरायला लागला, मग झोप उडाली. शेजारी आपल्याबद्दल कुजबुजतात म्हणायचा. एकदा अम्मीने दिलेला चहा मोरीत ओतला, "यात कायतरी घातलंय." नोकरी गेली.

अम्मीला वाटलं, बाहेरचा असर आहे. म्हणाली, "सलमा, लोबान जास्त फिरव." आणि मी फिरवला... कुणाला सांगायचं नाही अशी भाईने शपथ घातली होती ना.

शेवटी त्याला वाशीला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर बाईंनी विचारलं, काही नशा करतो का?

"नाय मॅडम," अब्बा म्हणाले. "आमच्या घरात तसलं कायच नाय. रोज लोबान फिरतो."

"रोज? कशासाठी?"

अब्बांनी माझ्याकडे पाहिलं. मी रडत रडत सगळं सांगून टाकलं.

बाई म्हणाल्या, दोष एकट्या गांजाचा नसेलही, काहींचं मन मुळातच नाजूक असतं. पण गांजाने आजार वाढला आणि आणायला उशीर झाला. भाई सावरला, पण अर्धाच. गोळ्या आजही चालू आहेत. लग्न, नोकरी राहूनच गेलं.

काल तो वास आला तेव्हा त्याने माझा हात धरून हळूच विचारलं, "सलमा, अब्बा आले काय? वास गेला ना?"

अब्बांना जाऊन बारा वर्षं झाली. मी म्हटलं, "गेला, भाई. झोप."

त्या डॉक्टर बाईंचे उपकार मी विसरणार नाही. त्यांनी "कशासाठी" एवढंच विचारलं होतं... ते मी स्वतःला पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं.